वावडी नवी, वावड्या जुन्याच

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये एकच बोअर दोघांनी मोजला आणि आकडे वेगळे आले, तर कुणी वाद घालत बसत नाही. आधी गेज तपासतात. तोच माणूस तोच जॉब दहा मिनिटांनी परत मोजतो, मग दुसरा मोजतो. तरीही जुळेना तर जॉब बाजूला राहतो आणि गेज कॅलिब्रेशनला जातो. ही सवय अंगात मुरल्यामुळे असेल, पण गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर गेले पाच हंगाम जे कानावर पडतंय त्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. तिथं माणूस हेच गेज, आणि त्याला कॅलिब्रेशनला कुणी पाठवलेलं नसतं.

विषय काइटसर्फिंगचा आहे. पायाखाली फळी, कमरेला हार्नेस, हातात बार, बारपासून वीस-चोवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला हवा भरलेला पतंग. आमच्यासारख्यांचा बारा चौरस मीटरचा. दरवर्षी जवळपास प्रत्येक कंपनी नवा पतंग काढते, निदान जुन्याला नवा रंग आणि नवं साल देते. मग तो उडवून आलेले रायडर अभिप्राय देतात: कमी वाऱ्यात उचलतो, झटकन वळतो, बार हाताला हलका लागतो, पाण्यात पडला तरी लगेच उठतो. रायडर कोल्हापूरचा असला तर एवढं सांगत बसत नाही. ‘नाद खुळा’ म्हणतो आणि विषय संपवतो. दीड लाखाच्या पुढचा माल घ्यायला हे अभिप्राय पुरतात का, एवढाच इथला प्रश्न.

मोठ्या पतंगाला आपल्याकडे वावडी म्हणत. तो अर्थ मागे पडला आणि वावड्या उठणं तेवढं भाषेत उरलं. मोरजीत दुपारी बारा-साडेबाराला जाऊन बसलं की दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी सापडतात. शाळेच्या भूगोलातले खारे वारे म्हणजेच आमचा वारा. जमीन तापली, वरची हवा उठली, की समुद्रावरून वायव्येकडचा वारा आत येतो. दुपारी एक-दोनला सुरुवात होते, चारच्या सुमाराला तो भरात असतो आणि सूर्य कलला की विरतो. बरा दिवस असला तर दहा ते पंधरा नॉट. निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा पहाटेपासून प्रवास करून आलेला माणूस वारा चढेपर्यंत सुरूच्या सावलीत रिकामा असतो. नव्या पतंगांची कीर्ती पसरते ती याच रिकाम्या वेळात.

अशी कीर्ती यापूर्वीही चुकली आहे. फ्रान्सच्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी हवा भरायच्या पतंगाचं पेटंट 1984 साली मागितलं. पाण्यात पडला तरी बुडू नये आणि पाण्यावरूनच परत उडवता यावा, हा त्यातला मुद्दा. त्यांचा ‘विपिका’ पतंग या खेळासाठी बाजारात यायला 1997 उजाडलं. सुरुवातीचे हे पतंग इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकलेले असत. हाताला गोड, वळायला चपळ. खोट एकच होती, पण जीवघेणी: वाऱ्याचा झोत आला की ओढ पुरेशी कमी करता येत नसे. झोतानं माणूस उचलून किनाऱ्यावरच्या भिंतीवर नेऊन आपटल्याच्या कथा त्या काळातल्या. त्याच भावांनी पुढे चपटा, मागची कड आत वळलेला, पुढच्या कडेला दोऱ्यांचं जाळं असलेला ‘बो’ पतंग काढला. 2005 साली कॅब्रिन्हा कंपनीचा ‘क्रॉसबो’ त्या कल्पनेवर आला. बार पुढे ढकलला की ओढ जवळजवळ संपायची.

त्यावर रायडरांचा अभिप्राय काय होता? बार जड लागतो. वळायला आळशी आहे. जास्त खेचला की मागे पडतो. पतंगाशी संबंधच जाणवत नाही. या तक्रारी खोट्या नव्हत्या, पहिल्या पिढीचे बो पतंग तसेच होते. पण ज्या गुणानं हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला, तो हाताला जाणवणारा नव्हता. वाऱ्यानं माणूस उचलला नाही, ही काही जाणवण्यासारखी गोष्ट नाही. जे घडलं नाही त्याबद्दल सावलीत बसून कोण बोलणार? आज बहुतेक पतंगांत त्या कल्पनेचा अंश आहे, आणि जुन्या ‘सी’ पतंगाची आठवण काढून उसासे टाकणारेही प्रत्येक किनाऱ्यावर एक-दोन भेटतात. हाताला सवयीचं तेच चांगलं वाटतं, ही या गेजची पहिली खोट.

दुसरी खोट वाऱ्याची आहे आणि तिच्यात साधं गणित आहे. पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा दहाचा अकरा नॉट झाला की ओढ 21 टक्के वाढली. दहाचा बारा झाला तर 44 टक्के. आता बारा मीटरच्या पतंगाला 21 टक्के जादा कापड जोडायचं म्हटलं तर अडीच चौरस मीटर लागेल. म्हणजे दोन पतंग तासाच्या अंतरानं उडवले आणि मधल्या तासात वारा एक नॉटनं चढला, तर कंपनीच्या डिझाइनरनं वर्षभर जे काही केलं असेल ते त्या एका नॉटखाली गाडलं जातं. मोरजीचा वारा दोन ते चार या वेळात चढताच असतो. आणि माणूस आधी आपला जुना पतंग उडवतो, मग कुणाचा तरी नवा मागून घेतो. हा क्रम उलटा केलेला मी पाच वर्षांत एकदाही पाहिला नाही. नव्या पतंगाला दरवेळी वाढता वारा आंदण मिळतो.

यात आणखी एक गंमत. जगात नाव झालेले बरेच अभिप्राय तारिफा, केप टाऊन किंवा उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरून येतात. त्यातल्या उत्तर समुद्रावरची दहा अंशाची थंड हवा आपल्या बत्तीस अंशाच्या हवेपेक्षा साधारण सात-आठ टक्के दाट असते. तेवढीच ओढ तिथं फुकट जास्त. शिवाय तिकडचा सांगणारा ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा असतो, मी चौसष्ट. वाऱ्याप्रमाणे कोणता पतंग घ्यावा याचे कंपन्यांचे तक्ते पंच्याहत्तर-ऐंशी किलोंचा माणूस धरून केलेले असतात. ‘बारा मीटरला निदान तेरा नॉट हवेत’ असं त्यानं लिहिलं, तर त्यातून मला काय कळतं? फार तर एवढंच, की तो जेवतो बरा.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कापडानं. आणि तेही मोरजीत नाही, इचलकरंजीत.

माझे मामा आयुष्यभर यंत्रमागात राहिले. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून इचलकरंजी कापडावर जगते, आणि मामांच्या पिढीतली माणसं डोळे मिटूनही कापड ओळखतात. माझा चार हंगाम वापरलेला पतंग फाटला होता. फाटलेल्या जागेची वीतभर पट्टी मी त्यांच्यासमोर टाकली. वजनाला चौरस मीटरमागे पन्नास ग्रॅमच्या आसपास, पॉलिस्टरचं, आत बारीक चौकटी विणलेल्या, म्हणजे फाट एका चौकटीपाशी अडावी. मामांनी चष्मा कपाळावर नेला. आधी ताण्याच्या दिशेनं ओढून पाहिलं, मग बाण्याच्या. हललं नाही. मग समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत धरले आणि तिरकं ओढलं. पट्टी पतंगाच्या आकाराची झाली आणि सोडल्यावर पुरती मागे आलीच नाही.

“कोट गेला ह्याचा,” ते म्हणाले. “सूत शाबूत हाय. पण धाग्याला धागा धरून ठेवणारं वरचं लेपन उन्हानं खाल्लं. आता ही चाळण झाली.”

मी नवीन कापडाचा तुकडाही नेला होता, पतंगाबरोबर दुरुस्तीसाठी येतो तो. तो तिरका ओढला तर कागदासारखा करकरला आणि जागच्या जागी राहिला.

“नवा पतंग जुन्यापेक्षा कसा उडतो ते विचारतोस नव्हं? मग कोरी घडी आणि दहा वेळा धुतलेलं धोतर ह्यात फरक काय, हेच विचार की.”

गाडीतून परत येताना हातकणंगल्यापर्यंत मी तेच धोतर डोक्यात घोळवत होतो. पतंगाची ताकद त्याच्या आकारात असते. हवेच्या दाबाखाली कापड तिरकं ताणलं जातं, मधे पोट येतं, मागची कड फडफडू लागते. मग तो वळायला सुस्त होतो आणि वाऱ्याच्या दिशेला वर चढायला कुरकुरतो. हे एका दिवसात होत नाही, म्हणून मालकाला कळत नाही. दोनशे तासांत हळूहळू बिघडलेल्या पतंगाची सवय झालेला माणूस एके दिवशी कोराकरकरीत पतंग हातात घेतो आणि म्हणतो, यंदाचं मॉडेल जबरदस्त आहे. त्याला जाणवलेला फरक खरा आहे. त्याचं श्रेय त्यानं चुकीच्या खात्यावर जमा केलंय. त्याच्याच जुन्या मॉडेलचा कोरा नग त्याला दिला असता तर यातलं किती कौतुक उरलं असतं, हे कुणी तपासत नाही, कारण जुन्या मॉडेलचा कोरा नग कुणाजवळ नसतो.

हीच गोष्ट दोऱ्यांची. चार दोऱ्यांपैकी पुढच्या दोन माणसाचा भार वाहतात, मागच्या दोन वळवायचं काम करतात. भार वाहणाऱ्या दोऱ्या वापरानं जास्त लांबतात. पुढच्या लांबल्या म्हणजे मागच्या आपोआप आखूड पडल्या. तुम्ही बार खेचलेला नसला तरी पतंगाला तो खेचल्यासारखा वाटतो, तो मंदावतो आणि हलक्या वाऱ्यात मागे कोसळतो. संक्रांतीला पतंगाची कन्नी दोन बोटं चुकीची बांधली तर तो गोते खातो, हे आपल्याकडच्या दहा वर्षांच्या पोराला कळतं. पण दीड लाखाच्या पतंगावर अभिप्राय देणारा दोऱ्या मोजून आलाय का, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

मागच्या मार्चमध्ये आम्ही एक उद्योग करून पाहिला. सांगलीचा एक दंतवैद्य, मांद्रे गावचा शिकवणारा एक पोरगा आणि मी. माझा जुना पतंग आणि दंतवैद्यानं घेतलेला नवा, दोन्ही बारा मीटरचे. दोन्ही बार चार दोऱ्यांचे, जोड सारखे. दोन्ही बारांना काळी टेप गुंडाळली आणि कोणता बार कोणत्या पतंगाला जोडायचा हे पोरग्यावर सोपवलं. त्यानं ते आम्हाला सांगायचं नव्हतं. क्रम ठरवला जुना, नवा, नवा, जुना, म्हणजे चढत्या वाऱ्याचा फायदा कुणा एकाला मिळू नये. वारामापक हातात, प्रत्येकी दहा मिनिटं. हा काही अभ्यास वगैरे नव्हे. शेडमध्ये नवीन पॅटर्नची पहिली दोन कास्टिंगं पाहतात तेवढंच.

पोरग्यानं पहिल्या फेरीतच माझ्या जुन्या पतंगाला नवा बार जोडला होता. दंतवैद्य बाहेर येऊन म्हणाला, “आज वारा स्वच्छ आहे, तुझासुद्धा बरा चालला.” मग नवा पतंग, जुन्या लांबलेल्या दोऱ्यांवर. तो दोनदा मागे कोसळला. बाहेर आल्यावर त्याचं म्हणणं, “नवं कापड आहे, जरा रुळायला पाहिजे.” जुना चांगला चालला ते वाऱ्यामुळे, नवा वाईट चालला ते नवेपणामुळे. दोन्ही वेळा बारावर संशय घ्यायचं त्याला सुचलं नाही. त्याला हसू नका. माझी पाळी आली तेव्हा मीही पुढच्या दोऱ्या लांबल्या आहेत हे ओळखलं नाही, आणि मी दिवसभर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस.

मग नव्या पतंगात खरंच काही नवं असतं की नाही? असतं. अलीकडचं मोठं पाऊल सांगाड्याच्या कापडाचं. पुढच्या कडेची हवेची नळी पूर्वापार डेक्रॉनची, म्हणजे जाड विणीच्या पॉलिस्टरची. कॅनडातल्या ॲल्यूला कंपनीनं दोऱ्यांच्या डायनीमाच्या जातीतल्या तंतूंचं कापड काढलं, डेक्रॉनच्या जवळपास निम्म्या वजनाचं आणि त्याहून ताठ. ओशन रोडिओनं ते आधी वापरलं, मग इतरांनी. दंतवैद्याचा पतंग या जातीचा. आमच्या शेडमधल्या काट्यावर तो तीन किलोंच्या आत भरला, माझा साडेतीनच्या वर. माझा झटकला तेव्हा मधल्या नळीच्या शिवणीतून मूठभर मोरजी बाहेर पडली.

या पतंगाबद्दल एकमुखी अभिप्राय आहे की तो कमी वाऱ्यात जास्त ओढतो. इथं थोडं थांबायला हवं. मला फळीवर उभं ठेवून पळवायला चाळीस-पन्नास किलोंची ओढ लागते. पतंग सहाशे-सातशे ग्रॅमनं हलका झाला म्हणून ओढीत तेवढ्याचाच फरक पडणार, आणि तो माझ्या हाताला कळणं शक्य नाही. हलकेपणाचा उपयोग वारा पडतो तेव्हा होतो. दोऱ्या सैल पडल्या की जड पतंग दगडासारखा खाली येतो, हलका तरंगत राहतो आणि पुढच्या झुळकेला परत धरतो. मोरजीत वारा बसायच्या वेळी हा गुण लाखमोलाचा आहे, पोहत परत येणं वाचतं. ताठ नळी बारीक करता येते, त्यानं हवेचा अडथळा घटतो आणि वळणं चपळ होतं, हेही खरं. म्हणजे रायडरांना काहीतरी बरोबर जाणवलं, पण नाव भलतंच दिलं. ‘ओढतो’ ऐवजी ‘पडत नाही’ म्हणाले असते तर ज्यानं ओढ वाढेल म्हणून पतंग घेतला त्याची निराशा टळली असती. त्याला खरं तर थोडी मोठी, चपटी फळी हवी होती. ती पतंगाच्या मानानं किरकोळ किमतीत येते.

उड्यांच्या उंचीबद्दल लिहीत नाही. उडी बहुतेक उडणाऱ्याची असते.

ज्याबद्दल अभिप्रायांत काहीच नसतं त्या दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. पहिली आपलं ऊन. मे महिन्यात गाडीची डिकी बंद करून मोरजी ते कोल्हापूर पतंग आणला, की आतल्या फुग्याला चिकटवलेल्या झडपेचा गोंद सुटू लागतो. माझ्या एका पतंगाची झडप अशीच सुटली आणि शेजारी बारीक भोकही निघालं. थंड देशातल्या रायडरला हे ठाऊक असायचं कारण नाही. शिरोली फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे फुगा नेला. त्यानं तो घमेल्यात बुडवून भोक अर्ध्या मिनिटात दाखवलं, तिथं तो कंपनीच्या कारागिरालाही ऐकला नसता. पण सोल्यूशन लावल्यावर ठिगळ साल निघावी तसं निघालं. त्यानं फुगा बोटांत चोळला आणि परत दिला. “साहेब, हे रबर न्हाई.” बरोबर होतं त्याचं, ते पॉलियुरेथेनचं पातळ प्लास्टिक, त्याला त्याचंच ठिगळ लागतं. झडपा कशा जोडल्यात, सुटे फुगे भारतात मिळतात का, आणि किती दिवसांत? नव्या पतंगाबद्दल मी हे आधी विचारतो. समोरचा माझ्याकडे, लग्नात जेवण कसं आहे याऐवजी भांडी कोण घासणार असं विचारल्यासारखं बघतो.

दुसरी गोष्ट सुटकेची कळ. काही बिघडलं की छातीसमोरची ती कळ ढकलायची आणि पतंग निष्प्राण करायचा. 2020 साली या कळीसाठी आयएसओ 21853 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. ती किती जोरात सुटावी, वाळू भरल्यावर सुटते का, भाराखाली सुटते का, हे त्यात तपासायचं ठरलं. या खेळात अभिप्रायावर न सोडता मोजमापावर सोपवलेली ही एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझी कळ वाळूनं घट्ट बसली होती, दुसऱ्या हाताचा नेट लावावा लागला. चूक कुणाची यात जात नाही, मी ती गोड्या पाण्यानं धुतली नव्हती. पण त्या बारचे जितके अभिप्राय मी ऐकले होते, त्यांत पकडीचं रबर मऊ असल्याचं कौतुक होतं, कळीचा उल्लेख एकातही नव्हता.

पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, शर्यती मार्सेयला झाल्या. ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटस आणि ब्रिटनची एली अल्ड्रिज यांनी सुवर्ण जिंकलं. सिंगापूरच्या सतरा वर्षांच्या मॅक्स मेडरला कांस्य मिळालं. तिथले पतंग वेगळे, नळीविना, पॅराशूटच्या जातीचे. तिथं अगोदर नोंदवलेलेच पतंग वापरायचे, ऐन वेळी नवा आणायचा नाही, असा नियम. एकाच वाऱ्यात, एकाच वळशावर सगळे. त्या खेळाडूंचं पतंगाबद्दलचं मत मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ते चुकलं तर त्यांना शेवटून दुसरा नंबर मिळतो. सावलीत बसून चुकणाऱ्याचं काही बिघडत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. पहिल्या आठवड्यातले अभिप्राय, मग ते विकणाऱ्याचे असोत की नुकतेच पैसे मोजलेल्याचे, घेऊ नयेत. पाण्यातून पतंग परत उठतो का, एवढं त्यांतलं धरावं, ते काठावरून डोळ्यांनी दिसतं. बाकीचं दोन हंगाम वापरलेल्याला विचारावं, तेही आपल्या वजनाच्या आणि आपल्याच उन्हात उडवणाऱ्याला. ॲल्यूलाच्या जातीचा पतंग गोव्याच्या वाऱ्याला चांगला आहे, पण जादा पैसे ओढीसाठी नव्हे, वारा बसल्यावर पोहणं वाचवण्यासाठी द्यायचे आहेत, हे समजून घ्यावा.

आणि यंदा नवा पतंग घ्यायचं मनात असेल, तर आधी आपल्या जुन्या बारच्या चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवा, बार दोन्ही हातांनी सरळ धरून मागे ताणून बघा. मागच्या दोन ताठ आणि पुढच्या दोन झोळ पडलेल्या दिसल्या, तर पतंग राहू द्या. आधी दोऱ्या बदला.